उतरायचं राहिलेलं विमान

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पटवून देण्याची हौस मला नाही.

अमावस्या, ओसाड बंगला, कुत्र्यांचं रडणं, यातलं इथे काहीच नाही. घडलं ते रविवारी, दिवे लागायच्या वेळेला. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. शेजारी टीव्ही चालू होता, खाली मुलं सायकली फिरवत होती. अशा वेळी असलं काही होत नाही, असं मलाही वाटायचं.

घर माझ्या सख्ख्या मावशीचं. मावशी एका मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर. दिवसभर कानाला हेडफोन, तोंडात "थांबा हं, जोडून देते." हजारो आवाज तिच्या कानावरून गेलेत. आवाज ओळखण्यात ती चुकत नाही. एवढं लक्षात ठेवा.

आणि तिचे यजमान, म्हणजे आमचे काका. लिफ्टचे मेकॅनिक. पण सगळी बिल्डिंग त्यांना कॅप्टन म्हणायची.

कौतुकाने नाही, चेष्टेने.

कारण कामावरून आले की हातपाय धुवायचे आणि कॉम्प्युटरवर विमान चालवायला बसायचे. फ्लाइट सिम्युलेटर. टेबलाला खऱ्यासारखा स्टिअरिंगचा दांडा बसवलेला, पायाखाली पेडल, कानाला हेडफोन. दिवसभर लिफ्टच्या अंधाऱ्या बोगद्यात वर-खाली करणारा माणूस, संध्याकाळी ढगांत.

खऱ्या विमानात ते जन्मात बसले नाहीत. मावशीने एकदा हट्ट धरला होता, आपण दोघं कुठेतरी विमानाने जाऊ. काका म्हणाले, "मागच्या सीटवर बसून काय दिसणार? लोकांची टकलं?"

विषय संपला.

मावशी त्या कॉम्प्युटरला सवत म्हणायची. आम्ही हसायचो. ती हसायची नाही.

"लग्नाला इतकी वर्षं झाली," ती म्हणायची, "आणि मला या माणसाचं काय दिसतं? पाठ. फिरत्या खुर्चीची पाठ आणि त्यावर यांची पाठ."

आता दोन गोष्टी नीट सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

एक. असे विमानवेडे लोक जगभर असतात आणि ते इंटरनेटवर एकत्र येतात. कुणी विमान चालवतो, कुणी विमानतळावरचा कंट्रोलर होतो. सगळं खोटं, पण बोलणं अगदी खऱ्यासारखं. काकांचा कंट्रोलर ठरलेला होता. शाळेत भूगोल शिकवणारे एक गृहस्थ. ते दुसऱ्या गावात राहायचे. काका त्यांना टॉवर म्हणायचे, म्हणून मावशीही टॉवरच म्हणायची. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. पण रोज संध्याकाळी काका त्या माणसाशी जितकं बोलत, तितकं मावशीशी महिनाभरात बोलले नसतील.

विमान उतरलं की टॉवर न चुकता विचारायचे, "स्वागत आहे, कॅप्टन. पुढचं उड्डाण?"

काका घसा खाकरायचे आणि म्हणायचे, "उद्या."

स्वयंपाकघरात मावशीच्या कानावर तो "उद्या" पडला, की ती ताटं घ्यायची.

दुसरी गोष्ट. कॉम्प्युटर जुना होता. ढगांच्या वर विमान झकास चालायचं. पण खाली यायला लागलं, इमारती दिसू लागल्या, झाडं, दिवे, गाड्या दिसू लागल्या, की आतल्या, चित्र दाखवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाला ते झेपायचं नाही. चित्र अडकायचं. झटका... थांबलं... झटका. धावपट्टी एकीकडे, विमान भलतीकडे. म्हणून काका विमानतळावर नुसत्या घिरट्या घालत बसायचे. उतरायचा धीर लवकर व्हायचा नाही. मावशीचं जेवण तिकडे गार.

"नवीन कार्ड आलं ना, की बघ कसा उतरतो," काका म्हणायचे.

स्वयंपाकघरातला नळ वर्षभर गळत होता. त्याचं काही नाही. कार्ड मात्र त्यांनी शोधून शोधून मागवलं.

ते यायच्या आतच तो रविवार आला.

त्या दिवशी काही विशेष नव्हतं. वाढदिवस नाही, पाहुणे नाहीत. रोजचंच होतं, आणि म्हणूनच मावशीच्या डोक्यात तिडीक गेली असावी. तिने पहिली हाक मारली. उत्तर नाही. दुसरी मारली.

आतून आवाज आला, "उतरतोय."

थोड्या वेळाने पुन्हा...

"उतरतोय."

मावशीने भाजी पुन्हा गरम केली. ती पुन्हा गार झाली. "उद्या" काही ऐकू येईना.

मग ती उठली. तरातरा आत गेली. खुर्चीची पाठ. खुर्चीवर पाठ. पडद्यावर ढग. तिने काकांकडे बघितलंसुद्धा नाही. वाकली आणि भिंतीतला प्लग खेचून काढला.

आयुष्यात पहिल्यांदा.

पडदा काळा झाला. आता हे ओरडणार, म्हणून ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

कुणी ओरडलं नाही.

काळ्या काचेत तिला काकांचा चेहरा दिसला. डोळे उघडे होते...

पापणी लवत नव्हती.

डॉक्टर आले. हात लावून बघितलं. म्हणाले, "हार्ट अटॅक. जाऊन तास-दीड तास तरी झाला असावा."

मावशी म्हणाली, "असं कसं? आत्ता बोलले माझ्याशी."

डॉक्टरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. अशा वेळी बायका काहीही बोलतात, असं त्यांना वाटलं असणार.

पण मी सांगितलं ना, मावशी आवाजात चुकत नाही.

*

पुढचे काही दिवस माणसं आली, गेली. घर रिकामं झालं. मावशी पुन्हा कामावर जाऊ लागली. काकांच्या खोलीत ती फक्त केर काढायला जायची. कॉम्प्युटर बंद, प्लग जमिनीवर.

एके दिवशी खुर्चीखालून झाडू फिरवताना तिने खुर्ची वळवली. तोंड दाराकडे केलं. तशीच ठेवली आणि कामावर गेली.

संध्याकाळी आली तर...

खुर्चीचं तोंड पडद्याकडे होतं.

तिला वाटलं, आपणच सवयीने फिरवली असेल. दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम दाराकडे वळवली. खोलीला कडी घातली.

संध्याकाळी कडी तशीच होती. आत खुर्चीने पाठ फिरवलेली.

दुसरी बाई असती तर किंचाळत बाहेर पळाली असती. मावशीला भीती वाटलीच नाही. वाटला तो संताप.

"मेलात तरी तिकडेच?" ती खुर्चीला म्हणाली. "अहो, एवढं परत यायला जमलं, तर एकदा माझ्याकडे तोंड नाही करता आलं?"

हे मला सांगताना ती रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "सुंभ जळला तरी पीळ जळत नाही रे."

त्याच आठवड्यात दोन गोष्टी झाल्या.

कुरिअरवाला खोकं देऊन गेला. वर काकांचं नाव. आत ग्राफिक्स कार्ड. मावशीने ते कपाटावर फेकलं.

आणि टॉवरचा फोन आला. काकांनी अडीअडचणीला म्हणून घरचा नंबर त्यांना देऊन ठेवला होता. आधी त्यांनी सांत्वनाचे दोन शब्द बोलून घेतले. पण फोन ठेवेनात.

"वहिनी, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा."

"घरचा कॉम्प्युटर... चालू असतो का?"

"नाही. प्लग काढलाय. त्या दिवसापासून."



"मग मला कळत नाही हे कसं सांगू. त्यांचं विमान दिसतंय वहिनी. माझ्या पडद्यावर. रोज संध्याकाळी. विमानतळावर घिरट्या घालतंय."

मावशीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दुसरं कुणी त्यांच्या नावाने..."

"मीही तेच म्हटलं. विचारलं, कोण आहे. उत्तर येत नाही. फक्त माइक उघडल्याचा आवाज येतो. आणि..."

"आणि काय?"

"घसा खाकरल्याचा."



टॉवर पुढे म्हणाले, "आमच्यात एक रीत आहे वहिनी. हवेत असताना कुणी निघून जात नाही. उतरायचं, कंट्रोलरचा निरोप घ्यायचा, मग बंद करायचं. त्या दिवशी त्यांचं विमान मधेच नाहीसं झालं. उतरायचं राहिलं. आणि त्या जुन्या कार्डावर त्यांना धड उतरता येत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे."

मावशीची नजर कपाटाकडे गेली.

"नवीन कार्ड आलंय," ती म्हणाली.

तिच्या मनात काय होतं, ते तिने मला स्पष्ट सांगितलं. काकांना मुक्ती मिळावी वगैरे काही नाही. तिला एकच हवं होतं. विमान उतरलं, की हा माणूस रोज हेडफोन काढायचा, खुर्ची वळवायचा आणि विचारायचा, "काय केलंयस जेवायला?" दिवसातून तेवढाच एकदा तिला त्यांचा चेहरा समोरून दिसायचा. त्या रविवारी तोही दिसला नव्हता. काचेत दिसला तो धरायचा नाही.

तो चेहरा तिला हवा होता. एकदाच. आणि त्याला विचारायचं होतं, की मी प्लग काढला म्हणून तर नाही ना गेलात?

*

रविवारी दुपारी टॉवर आले. इतक्या वर्षांच्या आवाजाला चेहरा आला. बुटके, चष्मा, खांद्याला शबनम पिशवी, त्यात स्क्रूड्रायव्हर आणि लॅपटॉप. दारातच म्हणाले, "मी एरवी असल्या गोष्टी मानत नाही हं, वहिनी."

"मी तरी कुठे मानते," मावशी म्हणाली. "चहा घेणार?"

त्यांनी कॅबिनेट उघडलं. आत धुळीचा कण नव्हता. जुनं कार्ड काढलं. नवीन चांगलं वीतभर लांब, मधे काहीतरी आडवं येणार असं त्यांना वाटलं होतं. पण जागा आधीच करून ठेवलेली होती. जादा वीज लागते, ती देणारा डबाही मोठा बसवलेला. कार्डाला जोडायची वायर नीट गुंडाळून, दोऱ्याने बांधून तयार.

निळा दोरा. मावशीच्या शिवणाच्या डब्यातला.

"किती तयारी करून ठेवली होती बघा," टॉवर कौतुकाने म्हणाले.

स्वयंपाकघरात नळ गळत होता. टप... टप...

संध्याकाळ झाली. टॉवर काकांच्या खुर्चीवर बसायला तयार होईनात. त्यांनी बाहेरच्या खोलीत जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला. मावशी आत, खुर्चीच्या मागे उभी राहिली. काकांचा हेडफोन तिने कानाला लावला. त्याला अजून त्यांच्या केसांच्या तेलाचा वास येत होता.

प्लग भिंतीत गेला.

पंखे फिरू लागले. पडदा उजळला. मावशीने कशालाही हात लावला नाही...

सिम्युलेटर आपोआप उघडला.

ढग. त्याच दिवशीचे ढग.

आणि चित्र इतकं स्वच्छ, की तिला पडदा नसून खिडकीच वाटली. काचेवर पावसाचे थेंब. खाली रस्ते, रस्त्यांवर गाड्या, घरांच्या गच्च्या, गच्चीवर वाळत घातलेले कपडे. तिच्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई. हे बघत होतात होय तुम्ही..."

हेडफोनमध्ये खुट्ट झालं.

माइक उघडला होता.

कुणीतरी श्वास घेत होतं. मावशीने डोळे मिटून ऐकलं. हा श्वास तिने अंधारात शेजारी पडून वर्षानुवर्षं ऐकला होता.

बाहेरून टॉवरांचा आवाज आला, हेडफोनमधूनही आला. "कॅप्टन... धावपट्टी मोकळी आहे. उतरू शकता."

समोरचा दांडा हलला.

खुर्ची रिकामी होती. दांडा हळूच पुढे गेला, जरा डावीकडे कलला. पायाखालची पेडल खालीवर झाली. इमारती जवळ आल्या, झाडं जवळ आली. चित्र कुठेही अडकलं नाही. ओल्या धावपट्टीत दिव्यांची रांग चमकत होती.

चाकं टेकली.

मावशी म्हणाली, त्यांनी इतकं अलगद विमान कधी उतरवलं नव्हतं.

तिने हेडफोन काढून गळ्यात घातला.

"अहो," ती म्हणाली. "उतरलात ना? झालं ना मनासारखं? आता वळा की इकडे."

काही झालं नाही.

"मी चिडले होते हो. मला काय माहीत, की तुम्ही... एकदा बघा माझ्याकडे. मग जा कुठे जायचं तिकडे."

कर्र...

खुर्ची हलली.

सावकाश. अगदी सावकाश. पाठ बाजूला सरकू लागली. खुर्चीचा एका बाजूचा हात दिसू लागला. बसायच्या गादीवर खोलगा पडला होता, कुणी बसल्यावर पडतो तसा. मावशीने पदर तोंडात कोंबला. आणखी वीतभर. आणखी थोडंसं, आणि...

बाहेरच्या खोलीत टॉवर घामाघूम होऊन पडद्याकडे बघत होते. विमान थांबलेलं त्यांना दिसलं. आतलं त्यांना काही दिसत नव्हतं. भला माणूस. त्याच्या मनात काही नव्हतं. वर्षानुवर्षांची सवय, तोंडातून शब्द निघून गेले.

"स्वागत आहे, कॅप्टन. पुढचं उड्डाण?"

खुर्ची थांबली.

अर्धी वळलेली. मावशी आणि पडदा, दोघांच्या बरोबर मधे.

मावशी म्हणते, तेवढा वेळ तिने श्वाससुद्धा घेतला नाही.

मग खुर्ची फिरली.

पडद्याकडे.

मावशीच्या गळ्यातल्या हेडफोनमध्ये कुणीतरी घसा खाकरला. आणि आवाज आला, स्पष्ट, तोच, तिच्या नवऱ्याचा...

"लगेच."

धावपट्टी पळू लागली. दिवे मागे गेले, झाडं खाली गेली. विमान ढगांत शिरलं.

टॉवर दारात येऊन उभे राहिले. चेहरा पांढराफटक. "वहिनी, मी... सवयीने बोललो हो."

मावशीने हेडफोन काढला, खुंटीला अडकवला. "तुमची काय चूक भाऊजी," ती म्हणाली. "त्यांनी काय उत्तर द्यायचं, ते त्यांच्या हातात होतं."

टॉवर अर्धा चहा ठेवून गेले. त्यानंतर त्यांनी ते सगळं सोडून दिलं. कॉम्प्युटरसुद्धा विकून टाकला, असं ऐकलं.

*

हे सगळं मावशीने मला सांगितलं, तेव्हा मी मान डोलावली. मनात म्हटलं, एकटी बाई, दुःख आहे, होतात भास.

मग मी स्वतःच तिच्याकडे गेलो. गेल्याच रविवारी.

आतल्या खोलीतून पंख्याचा बारीक आवाज येत होता. दार अर्धवट उघडं. खुर्ची पाठमोरी. पडद्यावर ढग, आणि ढगांवर संध्याकाळचं तांबूस ऊन. सुंदर दिसत होतं, खोटं कशाला बोलू.

मी म्हणालो, "मावशी, एवढा त्रास होतो तर प्लग काढून टाक ना."

ती भाजी ढवळत होती. मागे न बघता म्हणाली, "जाऊन बघ."

मी आत गेलो. वाकलो.

प्लग जमिनीवर होता. वायर नीट गुंडाळलेली, निळ्या दोऱ्याने बांधलेली.

कॅबिनेटच्या मागे हात धरला. गरम हवा लागत होती...

मी कसाबसा बाहेर आलो. मावशीने तीन ताटं घेतली होती. ती पदराला हात पुसत त्या खोलीच्या दाराशी गेली. अगदी साध्या आवाजात, रोजच्यासारखी हाक मारली.

"अहो, जेवायला चला."

आणि थांबली.

मीही थांबलो. नजर खुर्चीवरून हटत नव्हती.

खुर्ची हलली नाही.

मावशीने तिसरं ताट उचलून परत मांडणीत ठेवलं. माझ्यासमोर बसली आणि वाढायला घेतलं.

"बघितलंस?" ती म्हणाली. "जिवंत असतानाही अस्संच."